सूर्यपत्र्यांची उतरती किंमत आणि विहिरीचे पाणी

शेतकऱ्याला पाणी उपसण्यासाठी जी शक्ती लागते ती आजवर कधी बैलाकडून, कधी डिझेलकडून, तर कधी विजेच्या तारेतून मिळत आली. गेल्या काही वर्षांत या यादीत सूर्यप्रकाशाची भर पडली आहे. शेताच्या बांधावर लोखंडी सांगाड्यावर बसविलेली निळसर काळी पॅनेले आता महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत दृष्टीस पडतात. ही पॅनेले इतक्या झपाट्याने स्वस्त कशी झाली, त्या स्वस्ताईचा लाभ शेतकऱ्यापर्यंत कितपत पोहोचतो, आणि तिच्यामुळे विहिरीतील पाण्याचे पुढे काय होणार, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून त्याचीच चर्चा गावोगावी सर्वांत कमी होते.

१. किंमत का उतरली?

सूर्यप्रकाशापासून सरळ वीज निर्माण करणारा व्यवहारोपयोगी सिलिकॉनचा घटक अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली तयार केला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच शक्तीचे त्यापासून विजेत रूपांतर होत असे. त्याची किंमत इतकी भारी होती की, १९५८ साली सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहासारख्या कामापलीकडे त्याचा उपयोग परवडण्याजोगा नव्हता. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० टक्क्यांहून अधिक शक्ती विजेत उतरवितात.

पॅनेलाची किंमत दर वॅटमागे सांगण्याचा प्रघात आहे. १९७६ च्या सुमारास ती आजच्या पैशाच्या मानाने वॅटमागे १०० डॉलरच्या घरात होती. २०१० च्या सुमारास ती २ डॉलरवर आली आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात १० सेंट, म्हणजे एका डॉलरचा दहावा भाग, इतकी खाली उतरली. ५ अश्वशक्तीच्या सौर पंपास साधारणतः ४,८०० वॅटची पॅनेले लागतात. तेवढ्या पॅनेलांस १९७६ साली सुमारे ४ लक्ष ८० हजार डॉलर पडले असते, २०१० साली ९,६०० डॉलर पडले असते, तर २०२४ साली आंतरराष्ट्रीय भावाने ४८० डॉलर पुरले असते.

ही घट कोणा एका शोधामुळे झालेली नाही. सिलिकॉन शुद्ध करण्याच्या रीती सुधारल्या, त्याच्या चकत्या हिऱ्याचे कण लावलेल्या बारीक तारेने अधिक पातळ कापता येऊ लागल्या व वाया जाणारा माल कमी झाला. जर्मनीने २००० साली कायदा करून सूर्यापासून केलेल्या विजेस ठरावीक दर बांधून दिला, त्यामुळे मागणी वाढली. मागणी पाहून चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले. जगातील एकूण पॅनेलांची बेरीज दुप्पट झाली की किंमत सुमारे एक-पंचमांशाने उतरते, असा अनुभव अनेक दशके येत आहे. अर्थात ही उतरण अखंड नाही. कच्च्या सिलिकॉनच्या टंचाईमुळे २०२१ व २०२२ या काळात भाव पुन्हा चढले होते. म्हणून ‘पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होईल’ या आशेवर गरजेचे काम लांबणीवर टाकणे शहाणपणाचे नाही.

२. ही स्वस्ताई शेतापर्यंत कितपत पोहोचते?

पॅनेल स्वस्त झाले म्हणजे पंपही त्याच प्रमाणात स्वस्त झाला, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. सौर पंपाच्या संचात पॅनेलाखेरीज मोटार, पंप, नियंत्रक, लोखंडी सांगाडा, काँक्रीटचा पाया, पाइप, केबल, भूसंयोजन, वीजरोधक व मजुरी यांचा समावेश होतो. लोखंड, तांबे व मजुरी यांचे भाव उतरलेले नाहीत. सबब पॅनेलाची किंमत निम्मी झाली तरी संचाची किंमत निम्मी होत नाही. दुसरे असे की, परदेशी पॅनेलांवर आपल्या देशाने एप्रिल २०२२ पासून आयात कर बसविला, तसेच पीएम-कुसुम योजनेतील पंपांसाठी देशात तयार झालेल्या घटकांची पॅनेले वापरण्याचे बंधन आहे. देशी कारखानदारी उभी राहावी हा त्यामागील हेतू होय. मात्र त्यामुळे परदेशी बाजारातील भाव आपल्या शेतावर जसाच्या तसा लागू होत नाही.

तथापि शासनाच्या साहाय्यामुळे शेतकऱ्याच्या खिशावरील भार बराच हलका झाला आहे. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या पीएम-कुसुम योजनेत सर्वसाधारणपणे ३० टक्के केंद्राचे, ३० टक्के राज्याचे व उर्वरित ४० टक्के शेतकऱ्याचे अशी विभागणी आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून राबविल्या जाणाऱ्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरावयाचा असतो. जमीन अडीच एकरांपर्यंत असल्यास ३ अश्वशक्तीचा, अडीच ते पाच एकरांस ५ अश्वशक्तीचा व त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप देय आहे. संचास पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा आहे.

लाभ उघड आहेत. डिझेलचा खर्च वाचतो. विजेची पाळी रात्रीची असली की दार धरण्यासाठी शेतकऱ्यास अंधारात, थंडीत, विंचूकाट्याच्या व सापांच्या भयात शेतावर जावे लागते. त्यात किती घरांवर आपत्ती ओढवली हे प्रत्येक गावास ठाऊक आहे. दिवसाउजेडी पाणी मिळणे ही सोय तर खरीच, पण त्याहून अधिक ती जिवाच्या सुरक्षिततेची बाब आहे. या लाभाबद्दल कोणाच्याही मनात शंका असू नये.

३. मोटेपासून सूर्यापर्यंत

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. प्रस्तुत लेखक कामानिमित्त एका गावी गेला असता एका तरुण शेतकऱ्याने विचारले, “साहेब, ऊन फुकट, पंप माझा, विहीर माझी. मग दिवस मावळेपर्यंत पंप बंद का करावा?” शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, “बाबा रे, विहीर तुझी खरी, पण झरा कोणाचा?” या एका प्रश्नात सर्व विषय सामावलेला आहे.

मोटेच्या काळात उपशास मर्यादा होती ती बैलजोडीच्या दमाची. चार घटका मोट चालली की बैल सोडावे लागत, आणि तेवढ्या वेळात विहिरीचे झरे पुन्हा भरत. पुढे तेलाचे इंजिन आले. त्यास दम नव्हता, पण तेलास पैसे पडत, म्हणून शेतकरी हिशेबाने पाणी देई. विजेचा पंप आला तेव्हा खर्च कमी झाला, तरी वीज ठरावीक तासच मिळे, त्यामुळे तेथेही एक आडकाठी राहिली. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषी पंपांची वीजही मोफत झाली आहे. सौर पंपास तर तेल लागत नाही, बिल येत नाही आणि भारनियमनही नाही. ढग व रात्र एवढीच काय ती त्याची सुट्टी. तात्पर्य, उपशावर बाहेरून पडणारा प्रत्येक लगाम क्रमाक्रमाने सुटला. आता लगाम राहिला तो केवळ शेतकऱ्याच्या स्वतःच्या विवेकाचा.

शेजारच्या देशातील अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. स्वस्त झालेल्या पॅनेलांची पाकिस्तानने २०२४ या एका वर्षात चीनमधून सुमारे १७ गिगावॅट इतकी आयात केली. तेथील पंजाब प्रांतातील असंख्य कूपनलिका डिझेल व वीज सोडून सूर्यावर चालू लागल्या. शेतकऱ्यांचा खर्च वाचला, परंतु भूजलाची पातळी अधिक वेगाने खाली जाईल ही चिंताही तेथे व्यक्त होऊ लागली. पंजाबची जमीन गाळाची व खोल आहे. आपल्या राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी केवळ वरच्या मुरमात, भेगांत व सच्छिद्र थरांत साठते. गाळाच्या प्रदेशात पाणी हळूहळू खोल जाते, तर आपल्याकडे विहीर एका उन्हाळ्यातच तळ दाखविते.

४. पाण्याचा साधा हिशेब

पुढील हिशेब ठोकताळ्याचा असला तरी कोणत्याही गावी बसून करता येण्याजोगा आहे.

(अ) पंप किती पाणी काढतो? ४,८०० वॅटच्या पॅनेलांपासून स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे २१ ते २२ युनिट वीज मिळते. मोटार व पंप मिळून त्यांपैकी निम्म्याहून थोडी कमी शक्ती पाणी उचलण्याच्या कामी लागते, म्हणजे सुमारे १० युनिट. एक हजार लिटर पाणी ३० मीटर उंच चढविण्यास ०.०८ युनिट लागते. यावरून ३० मीटर उचल असता पंप दिवसाकाठी सुमारे १ लक्ष २० हजार लिटर पाणी काढील. उचल ६० मीटर झाल्यास याच उन्हात निम्मेच, म्हणजे ६० हजार लिटर पाणी मिळेल. विहिरीची पातळी खाली गेली की त्याच पॅनेलांचे काम निम्मे होते, हे येथेच ध्यानात घ्यावे.

(आ) हे पाणी किती जमिनीस पुरते? एक एकरावर एक इंच पाणी उभे करावयास सुमारे १ लक्ष ३ हजार लिटर लागतात. म्हणजे हा पंप रोज एकरभर जमिनीवर इंचाहून थोडे अधिक पाणी पसरू शकतो.

(इ) जमिनीत पाणी किती मुरते? समजा, वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर आहे. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पावसाच्या साधारणतः ४ ते १० टक्के पाणी भूजलास मिळते, भेगाळ व सच्छिद्र थरांत ते १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाते. आपण १० टक्के धरू. मग मुरणारे पाणी ६० मिलिमीटर झाले. एका एकराचे ते सुमारे २ लक्ष ४३ हजार लिटर आणि पाच एकरांचे सुमारे १२ लक्ष लिटर होते.

(ई) आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावे. पाच एकरांच्या धन्यास ५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. त्याच्या स्वतःच्या जमिनीत वर्षभरात मुरलेले १२ लक्ष लिटर पाणी तो पंप अवघ्या दहा दिवसांत उपसू शकतो. अकराव्या दिवशी जे पाणी येते ते शेजाऱ्याच्या रानातून, पडीकातून, नाल्यातून वा डोंगरउतारावरून आलेले असते. ओढा, बंधारा, कालवा जवळ असेल, किंवा दिलेल्या पाण्याचा काही भाग परत मुरत असेल, तर हिशेब थोडा सैल होतो. परंतु त्याचा मूळ अर्थ बदलत नाही.

(उ) पिकाचा विचार करू. हरभऱ्यास अडीच इंचांची दोन पाणी दिली तर एकरी सुमारे ५ लक्ष लिटर लागतात. गव्हास तशीच सहा पाणी दिली तर एकरी सुमारे १५ लक्ष लिटर लागतात. म्हणजे पाच एकरांत मुरलेल्या पाण्यावर दोन एकर हरभरा निघतो, गहू एक एकरही पुरता निघत नाही. उसास पाटाने पाणी दिल्यास वर्षाकाठी २,००० मिलिमीटर वा अधिक लागते. त्यातून पावसाचा वाटा वजा केला तरी एकरी ५० लक्ष लिटरच्या पुढे उपसा होतो. कमी पावसाच्या भागात सौर पंप बसविल्याबरोबर उसाची लागण करणारा शेतकरी चार शेजाऱ्यांच्या वाट्याचे पाणी घेत असतो, आणि चौघांनी तसेच केले की पाचही विहिरी आटतात. मग खोल कूपनलिकेचा खर्च येतो, उचल वाढते व पॅनेलांनी वाचविलेला पैसा बोअरच्या गाडीस द्यावा लागतो.

५. उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे सौर पंप व सूक्ष्म सिंचन यांची जोडी बांधणे. ठिबक वा तुषार संच असल्याखेरीज पंपाचे पाणी शेतात सोडावयाचे नाही, असा संकल्प करावा. भूजलाचा अतिउपसा झालेल्या क्षेत्रांत नवीन पंप न देता केवळ जुने डिझेल पंप सूक्ष्म सिंचनासह बदलावेत, असेच पीएम-कुसुम योजनेचे मार्गदर्शन आहे. ठिबकसाठी दाब लागतो व ढगाळ हवेत तो कमी पडतो. अशा ठिकाणी उंचावर टाकी बांधून दिवसा भरावी व तेथून पाणी सोडावे.

दुसरा उपाय रिकाम्या वेळेच्या विजेचा. पावसाळ्यात व पीक निघाल्यावर पॅनेले स्वस्थ असतात. सर्वोपयोगी नियंत्रक बसविल्यास त्याच विजेवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी यांसारखी यंत्रे चालविता येतात. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात ढुंडी या गावी २०१६ साली शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली आणि उरलेली वीज ग्रीडला विकण्यास आरंभ केला. उपसलेल्या प्रत्येक युनिटाऐवजी विकलेल्या युनिटाचे पैसे मिळू लागले की पाणी वाचविणे हाच धंदा होतो, हे त्या प्रयोगाचे मर्म आहे.

तिसरा उपाय सामुदायिक. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेली व २०२३ पासून ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ या नावाने विस्तारलेली योजना प्रत्येक शेतावर पॅनेले न बसविता उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारते व संपूर्ण कृषी वाहिनीस दिवसा वीज पुरविते. ज्यांची जमीन खडकाळ व नापीक आहे अशांना भाडेपट्ट्याने हेक्टरी वार्षिक १ लक्ष २५ हजार रुपये व दर वर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. ग्रीडची तार आधीच पोहोचली आहे तेथे या मार्गाचा विचार आधी करावा. तार नाही अशा दूरच्या शिवारात स्वतंत्र सौर पंप योग्य.

चौथा उपाय म्हणजे गावाचा पाण्याचा ताळेबंद. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दर वर्षी पावसाची नोंद पाहून पिके ठरविण्याची व शेतीसाठी कूपनलिका न घेण्याची शिस्त स्वतः लावून घेतली. त्या गावाजवळ निराळे आकाश नाही, पाऊसही बेताचाच. फरक पडला तो हिशेबाने.

६. पंपाची निवड व निगा

पंपाचा आकार जमिनीवरून ठरतो खरा, पण त्याआधी उन्हाळ्यातील विहिरीची पातळी व झऱ्याचा वेग पाहावा. विहीर दोन तासांत आटत असेल तर मोठा पंप घेऊन काही साधत नाही. पॅनेलांचे तोंड दक्षिणेस असावे आणि त्यांचा उतार आपल्या भागात साधारणतः १७ ते २० अंशांचा असावा. झाड, खांब वा घराची सावली सकाळी नऊपासून सायंकाळी चारपर्यंत पॅनेलावर पडता कामा नये. एका कोपऱ्यावरील सावलीनेही पुष्कळ वीज घटते. धूळ बसल्यास मऊ फडक्याने व स्वच्छ पाण्याने सकाळी लवकर धुवावे. भर उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. क्षारयुक्त पाणी काचेवर वाळू दिल्यास डाग पडतात. भूसंयोजन व वीजरोधक जागेवर आहेत याची पावसाळ्यापूर्वी खात्री करावी, पायाचे बोल्ट वादळापूर्वी आवळावे. नियंत्रक स्वतः उघडू नये. पैसे केवळ महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरावेत. दूरध्वनीवरून पैसे मागणाऱ्या अनोळखी इसमावर विश्वास ठेवू नये.

७. गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी आपले काम अर्ज भरून देण्यापुरते मानू नये. गावात सौर पंप बसला की पुढील गोष्टी अगत्याने कराव्या.

एक, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. त्याच महिन्यांत गावातील निदान पाच विहिरींची पातळी दोरीने मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. ज्यांच्याकडे सौर पंप आहे अशा दोन व नाही अशा तीन निवडाव्या. दोन, दसऱ्याच्या सुमारास गावसभेत वर दिलेला हिशेब गावच्या पर्जन्यमानाचे आकडे घालून फळ्यावर करून दाखवावा. आकडे शेतकऱ्यांनीच सांगावे, कार्यकर्त्याने केवळ मांडावे. तीन, एका शेतावर पाटाने व ठिबकने शेजारी-शेजारी प्रात्यक्षिक घेऊन पंप किती तास चालला याची नोंद ठेवावी. नियंत्रकावर हे तास दिसतात, त्यासाठी वेगळे यंत्र नको.

८. समारोप

सूर्यपत्रे स्वस्त झाली ही शेतकऱ्याच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. रात्रीची पाळी चुकली, डिझेलची उधारी चुकली, दूरच्या शिवारातही पाण्याची सोय झाली. परंतु स्वस्त झाली ती पाणी उचलण्याची शक्ती. पाणी स्वस्त झाले नाही, आणि आकाशातून पडणारा पाऊस एका थेंबानेही वाढलेला नाही. पॅनेलांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. आज ती बसविणाऱ्या शेतकऱ्याने एवढेच स्वतःस विचारावे की, पंचविसाव्या वर्षी ही पॅनेले ऊन घेत असतील तेव्हा खालच्या विहिरीत पाणी असेल काय? याचे उत्तर ‘होय’ असे देता यावे म्हणून यंदाच्या रब्बीपासूनच विहिरीचा हिशेब लिहावयास लागावे.